कुचेरा ओळखत नाही

खापरखेड्याच्या वीज केंद्राची स्टाफ बस सकाळी जरीपटक्यातून सुटली की ताराचंद मेश्राम खिडकीशी बसायचा आणि मानकापूर मागे पडेपर्यंत कुणाशी बोलायचा नाही. त्या दिवशी मागच्या सीटवरून पांढरीपांडे पुढे वाकला. चेकोस्लोव्हाकियाचा दौरा आटपून तो नुकताच परतला होता आणि नागपुरात अजून स्वेटरचीही थंडी नसताना तिकडून आणलेला कोट अंगात घालून हिंडत होता. "अहो मेश्राम," सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "तुमच्या त्या हॉटेलात जाऊन आलो बरं का. ब्रनोच्या. झुंबरं-बिंबरं सगळं आहे, तुम्ही सांगता तसं. पण तुमचा तो कुचेरा तर तुम्हाला ओळखतच नाही म्हणते हो!"

बस हसली. ताराचंदही हसला. "विसरला असेल," तो म्हणाला, "दहा वर्षं झाली." "विसरला कसा?" पांढरीपांडे म्हणाला. "मी नाव सांगितलं, नागपूर सांगितलं, तुमची उंचीसुद्धा सांगितली. या नावाचा कोणी इंडियन इथे कधी आलाच नाही म्हणे. कधीच नाही." मग कुणीतरी दुसरंच काही काढलं आणि बस पुढे गेली. ताराचंदच्या कानात मात्र ते 'कधीच नाही' राहून गेलं. विसरलेला माणूस 'आठवत नाही' म्हणतो. 'कधीच नाही' म्हणायला आठवावं लागतं. म्हणजे एक तर कुचेरा खोटं बोलला होता, नाही तर पांढरीपांडे. दोघांपैकी कुणीही खोटं बोललं तरी त्याला काही कारण असणार, आणि ते कारण आपल्यापाशी येऊन थांबणार, असं त्याला वाटलं. असं वाटण्याची त्याला जन्माची सवय होती. पांढरीपांड्याच्या मुलाच्या मुंजीला तो गेला तेव्हा सगळ्यांना स्टीलच्या पेल्यात पाणी आलं आणि त्याला काचेच्या. मानाचा पाहुणा म्हणून काच दिली, की नंतर वेगळी उचलून ठेवता यावी म्हणून? त्यानं पाणी प्यायलं, थँक्यू म्हटलं, आणि पुढे कितीतरी दिवस तो पेला मनात फिरवून पाहिला. एखाद्यानं तोंडावर काही म्हटलं तर माणूस भांडू शकतो. पेल्याशी काय भांडणार? मोठ्या जागेवर बसलेल्या आपल्या माणसांचं आयुष्य असंच जातं, असं त्याला वाटे. कुणी काही म्हणत नाही आणि आपण सारखं ऐकत राहतो.

ब्रनोचं ते हॉटेल ही एकच जागा होती, जिथं हे ऐकणं बंद झालं होतं. त्र्याहत्तर साली बॉयलरच्या पंपांचं शिक्षण घ्यायला वीज मंडळानं त्याला सहा महिने तिकडे पाठवलं. बरोबरचे लोक होस्टेलच्या खोलीत स्टोव्हवर खिचडी शिजवत. ताराचंद पहिल्याच रविवारी एकटा बाहेर पडला, भटकत भटकत जुन्या चौकात आला आणि एका उंच दाराच्या काचेतून आतली झुंबरं पाहत उभा राहिला. आत जायचं त्याच्या मनातही नव्हतं. दार आतून उघडलं. काळ्या कोटातला, पातळ केसांचा एक उंच माणूस कंबरेत किंचित वाकला आणि त्यानं हात आतल्या बाजूला केला, म्हणजे या. आपल्या मागे कुणी साहेब उभा आहे का, म्हणून ताराचंदनं वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. त्या माणसानं त्याला थेट खिडकीजवळच्या टेबलाशी नेलं आणि खुर्ची मागे ओढली. खुर्ची का ओढली हे ताराचंदला कळेना. तो उभाच राहिला. मग त्या माणसानं डोळ्यांनीच सांगितलं, बसा, आणि तो बसू लागला तशी खुर्ची अलगद पुढे आली, गुडघ्यांच्या मागे टेकली. ती टेकली त्या क्षणी त्याला कामठी रोडवरची चहाची टपरी दिसली. बाप, धोंडबा, आपला कप खिळ्यावरून काढतोय, स्वतः विसळतोय, आणि चहावाला वरून, शिवू नये अशा बेतानं, चहा ओततोय. तेव्हा ताराचंद बापाच्या बोटाला धरून उभा होता. इथं टेबलावरच्या पांढऱ्याशुभ्र कडक कापडावर त्याच्यासाठी तीन प्रकारचे पेले मांडले होते आणि कुठला कशाचा हे त्याला ठाऊक नव्हतं, पण कुठलाही त्याच्यासाठी वेगळा ठेवलेला नव्हता. त्यानं लसणाचं सूप प्यायलं, लोण्यातला मासा खाल्ला. माशाची सुरी वेगळी असते हे त्या उंच माणसानं त्याला न शिकवल्यासारखं शिकवलं. पियानोवर कुणी म्हातारी काहीतरी वाजवत होती. बाहेर आल्यावर त्याच्या लक्षात आलं, इतक्या वेळात आपण कुणाच्याही चेहऱ्याकडे चोरून पाहिलं नाही.

मग दर रविवारी दुपारी तो तिथं जाऊ लागला. उंच माणसाचं नाव कुचेरा. दुपारची गर्दी ओसरली की कुचेरा पेला पुसत टेबलाशी उभा राही, दालनाकडे पाठ करून, आणि रेडिओवरून शिकलेल्या इंग्रजीत बोले. एका संध्याकाळी तो चक्क होस्टेलवर आला, कोटाच्या खिशात आलुबुखारची दारू घेऊन. खुर्ची नव्हती म्हणून पलंगावर बसला. दोन घोट पोटात गेल्यावर त्यानं खाली मान घालून सांगितलं, अडुसष्ट साली रशियाचे रणगाडे आले तेव्हा माझा भाऊ सरहद्द ओलांडून व्हिएन्नाला पळाला. मी त्याला पैसे दिले, सायकल दिली. इथं पोलिसांनी विचारलं तेव्हा मला काही माहीत नाही म्हटलं. ताराचंदला त्या बोलण्याचं वजन नीट कळलं नाही. पण एवढं कळलं की हा माणूस आपल्यापाशी काहीतरी उघडून ठेवतो आहे. बदल्यात आपण काय द्यावं? त्यानं खिळ्यावरच्या कपाची गोष्ट सांगितली. ती त्यानं कॉलेजातल्या मित्रांना सांगितली नव्हती, साहेबांना तर नाहीच. कुचेरानं विचारलं, "तो कप आता कुठे आहे?" असा प्रश्न कुणाला सुचेल असं ताराचंदला कधी वाटलं नव्हतं. त्याला रडू आलं, आणि मग दोघंही हसले.

नागपुरात परतल्यावर तो झुंबरं सांगायचा, मासा सांगायचा, खुर्ची तर दहादा सांगायचा. पलंगावर बसून झालेलं बोलणं त्यानं कुणालाच सांगितलं नाही. तिकडे श्रीयुत म्हणायला 'पान' म्हणतात, पान कुचेरा, असं त्यानं सांगितलं तेव्हा त्याची बायको प्रेमिला म्हणाली होती, "पानठेलेवाला का जी?" आणि घरात ते नाव तसंच पडलं. वीज केंद्रात तो जरा चेष्टेचाच विषय झाला. कँटीनमध्ये खुर्ची ओढून कुणीतरी म्हणे, बसा मेश्रामसाहेब, ब्रनो समजा. त्यालाही ते आवडे. तिकडे आपली जागा ठेवलेली आहे, हे सगळ्यांना माहीत आहे, असं त्याला वाटे.

आणि आता 'कधीच नाही'. तो हिवाळा ताराचंदनं पांढरीपांड्यावर नजर ठेवण्यात घालवला. हा माणूस त्या हॉटेलात खरंच गेला होता का? गेला होता; चौकातलं दार, पियानो, सगळं त्यानं बरोबर सांगितलं. मग कुचेराशी याचं बोलणं काय झालं? नाव सांगितलं, नागपूर सांगितलं, एवढंच? की पुढे आणखी काही सांगितलं, जवळ वाकून, हा मेश्राम खरा कोण ते सांगितलं? ताराचंद कंट्रोल रूममध्ये घड्याळांसारख्या तबकड्यांपुढे उभा राही आणि काट्यांच्या जागी त्याला पांढरीपांड्याचं तोंड हलताना दिसे. त्यानं मग हॉटेलच्या बिलावरून, हवेवरून, मुद्दाम आडून आडून प्रश्न विचारले. पांढरीपांडे मोकळेपणानं उत्तरं देई, आणि तो मोकळेपणाच ताराचंदला खटके.

जरीपटक्याच्या बाजारात मेथी निवडता निवडता प्रेमिलानं एकदा त्याला धरलं. "का झालं जी तुमाले? जेवतानीबी बोलत नाही."

त्यानं सांगितलं. ती मेथीच्या जुडीकडे बघतच म्हणाली, "मंग थ्या गोऱ्या मानसाले का समजते आपली जात? थे का तिकडे पुसून राहिले का?"

"सांगितल्यावर समजते ना."

"तुमीच तं सांगतलं असंल. दहा वर्सापयले. तवा नाही सोडलं त्यानं, आता काहून सोडंन?" मग जुडी पिशवीत टाकून ती म्हणाली, "त्याच्यावाली काही अडचन असंल. मानसाले अडचन असते."

हे साधं बोलणं ताराचंदला पटलं नाही. अडचण असती तर माणूस आठवत नाही म्हणाला असता. मग त्याचा संशय आणखी खोल उतरला आणि थेट कुचेरावर गेला. कुणी सांगावं, तो सगळ्यांचीच खुर्ची तशी ओढत असेल. काळ्या माणसाशी गोड बोललं की बक्षिशी मिळते हे त्याला ठाऊक असेल. होस्टेलवर आला तो तरी कशासाठी? दारू पाजून बोलतं करायला? आणि यातलं काहीच नसेल, तर मग आपणच दहा वर्षं एका वेटरच्या नोकरीच्या वागण्याला मैत्री म्हणत राहिलो. हा शेवटचा विचार सगळ्यांत वाईट होता. जी एकच आठवण संशयाशिवाय होती, तिलाही आता वास येऊ लागला.

मार्चमध्ये मंडळानं नवे पंप पाहून यायला त्यालाच पाठवलं. या वेळी एकट्याला. विमानात त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात एक फोटो होता: हॉटेलच्या पायऱ्यांवर तो आणि कुचेरा, दोघंही थंडीनं डोळे बारीक केलेले. हा फोटो समोर धरला की बघू काय म्हणतो, एवढंच त्यानं ठरवलं होतं. ब्रनोच्या रस्त्यांच्या कडेला काळपट बर्फाचे ढीग होते. कारखान्यानं त्याच्या दिमतीला हाना नावाची दुभाषी बाई दिली होती, राखी कोटातली, नेमकं बोलणारी. जुन्या चौकातल्या हॉटेलचं नाव काढताच ती म्हणाली, "तिथे कशाला? कारखान्याच्या गेस्ट हाउसमध्ये जेवण चांगलं आहे." तिथला एक माणूस माझ्या ओळखीचा आहे, असं तो म्हणाला. ती चालता चालता थोडी थांबली. "इथे परदेशी माणसाची ओळख असणं सोपं नसतं, इंजिनिअर. ज्याची असते त्याला बोलावून विचारतात," ती म्हणाली आणि लगेच पंपांबद्दल बोलू लागली. ही बाई आपल्याला अडवते आहे, एवढंच ताराचंदनं त्यातून घेतलं. गोऱ्यांच्या चांगल्या हॉटेलात आपण जाऊ नये असं तिला वाटत असणार. गुरुवारी दुपारी काम लवकर संपलं तसा तो तिला न सांगता ट्राममध्ये बसला.

दार तेच होतं. आतून कुणी उघडलं नाही. त्यानं स्वतः ढकललं. गालिचा वाटेवर झिजला होता, झुंबरांतले निम्मे दिवे बंद होते, पियानोवर झाकण होतं. आणि दालनाच्या टोकाला कुचेरा उभा होता. केस पूर्ण पांढरे झालेले, खांदे उतरलेले, पण तोच. ताराचंदच्या छातीत असं काही उसळलं की त्याला वाटलं, हा सगळा हिवाळा खोटा होता. तो हसला. कुचेरा जवळ आला, कंबरेत तेवढाच वाकला, आणि म्हणाला, "गुड आफ्टरनून, सर. एकटेच?" जणू स्टेशनवरून उतरून कुणीही आलं आहे. ताराचंदचं हसू चेहऱ्यावरच राहिलं. कुचेरा पुढे चालू लागला. खिडकीजवळच्या टेबलावर राखीव असल्याची पाटी उभी होती. ते टेबल मागे टाकून कुचेरानं त्याला भिंतीकडे, स्वयंपाकघराच्या हलत्या दाराशी नेलं. तिथं त्यानं बोटानं खुर्ची दाखवली. ओढली नाही.

ताराचंद स्वतः खुर्ची ओढून बसला. दार उघडलं की वाफ आणि तळणाचा वास अंगावर येत होता, मिटलं की जात होता. त्यानं लसणाचं सूप मागवलं, लोण्यातला मासा मागवला, मुद्दाम तेच, आणि मागवताना कुचेराच्या डोळ्यांत पाहिलं. कुचेरा कागदाकडे पाहत होता. दालनात पाच-सहाच माणसं होती. दोन म्हाताऱ्या केक खात होत्या, एक कुटुंब होतं, आणि शेजारच्या टेबलावर एक टकलू माणूस पेपर वाचत होता. त्याच्या बिअरवरचा फेस केव्हाच बसला होता. खिडकीजवळचं टेबल रिकामंच राहिलं. सूप आलं. ताराचंदनं पाण्याचा पेला उचलला आणि उजेडात धरला. कडेला बोटाचा ठसा होता. नेहमीसारखा तो पेला त्यानं मनात फिरवायला घेतला, आणि तेवढ्यात त्याला स्वतःचीच भयंकर चीड आली. सात समुद्र ओलांडून आपण इथंही दाराशीच बसलो आहोत, आणि पुन्हा पेला तपासतो आहोत. पांढरीपांड्यानं सांगितलं असणार. नक्की सांगितलं. नाही तर हे टेबल का? मासा त्याच्या जिभेला पिठासारखा लागला. सुरी कुठली हे त्याला पाठ होतं, तरी त्यानं मुद्दाम दुसरी उचलली. कुचेरानं ते पाहिलं आणि काही केलं नाही.

ताट उचलायला तो आला तेव्हा ताराचंद म्हणाला, "मिस्टर कुचेरा, मी मेश्राम. त्र्याहत्तर साल. ते खिडकीचं टेबल."

"माफ करा सर. तुमची काही चूक होते आहे."

"चूक नाही. तुम्ही मला ओळखता."

"इथे खूप पाहुणे येतात, सर."

त्याचा आवाज इतका गुळगुळीत होता की त्यावर हात ठरेना. ताराचंदचा आवाज चढला. तो चढतो आहे हे त्यालाच ऐकू येत होतं, आणि थांबवता येत नव्हतं. जन्मभर ज्या-ज्या ठिकाणी तो थँक्यू म्हणून उठला होता त्या सगळ्या ठिकाणांचं बोलणं एकदम तोंडाशी आलं होतं. "तुम्ही माझ्या होस्टेलवर आला होतात! माझ्या पलंगावर बसलात! तुमच्या भावाचं तुम्ही मला..." म्हाताऱ्यांनी चमचे खाली ठेवले. शेजारच्या माणसाचा पेपर थोडा खाली आला. दालनाच्या दुसऱ्या टोकाहून तरुण मॅनेजर लगबगीनं येऊ लागला. ताराचंदचा हात आतल्या खिशात गेला आणि बोटांना फोटोची कड लागली.

तेव्हा त्यानं कुचेराकडे पाहिलं. कुचेरा त्याच्या तोंडाकडे पाहत नव्हता. त्याच्या हाताकडे पाहत होता, कोटाच्या आत गेलेल्या हाताकडे. मनगटावर पेललेली ताटं एकमेकांवर बारीक वाजत होती. हे पाहणं ताराचंदनं एकदा पाहिलं होतं. लहानपणी आई, बायजाबाई, सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्यावर अंगण झाडायला जायची तेव्हा तो बरोबर असायचा. एकदा माठावरचं झाकण सरकलेलं दिसलं आणि बंगल्यातल्या बाईंनी विचारलं, माठाला हात कुणी लावला? आईनं लावला नव्हता, तहान लागली म्हणून त्यानंच लावला होता. आई बाईंच्या तोंडाकडे बघत नव्हती, हाताकडे बघत होती. हात काय उचलतो, कुणाला हाक मारतो, पोराचं काय होतं, तेवढंच. त्या नजरेत पोराची ओळखसुद्धा नव्हती. नंतर घरी येऊन तिनं त्याला पोटाशी धरलं होतं, पण त्या अंगणात तिनं त्याच्याकडे वळूनही पाहिलं नव्हतं.

शेजारचा माणूस पेपरवरून बघत होता. त्याच्या फेस बसलेल्या बिअरचा अर्थ ताराचंदला तेव्हा लागला, तो प्यायला नाही, ऐकायला बसला होता; हाना काय सांगत होती तेही कळलं. आपल्या तोंडून काय निघून गेलं ते त्यानं आठवून पाहिलं. मॅनेजर टेबलाशी येऊन वाकला. "काही तक्रार आहे का, सर?"

ताराचंदनं फोटो सोडला, रुमाल काढला आणि तोंड पुसलं. "नाही," तो मोठ्यानं म्हणाला, सगळ्या दालनाला ऐकू जाईल असं. "माझीच चूक झाली. ते दुसरं हॉटेल असावं. कदाचित शहरही दुसरं. हे गृहस्थ ते नव्हेत." मॅनेजर हसला. म्हाताऱ्यांनी चमचे उचलले. पेपर पुन्हा वर गेला की नाही हे पाहायचं ताराचंदनं टाळलं. कुचेरानं ताटं आत नेली, मग कॉफी आणली. कॉफी ठेवताना त्याचा हात स्थिर होता.

निघताना दाराशी ओव्हरकोट धरायला तोच आला. मागे उभा राहून त्यानं एक बाही धरली, मग दुसरी. खांद्यावर कोट बसवताना, ओठ फारसे न हलवता, तो मागून म्हणाला, "रविवारी येऊ नका. प्लीज." आज गुरुवार होता. रविवारचा शब्द त्या दालनात कुणीच काढला नव्हता. ताराचंदनं वळून पाहिलं नाही. त्यानं मान हलवली असेल, नसेल. त्याला नंतर ते आठवेना. दार त्यानं स्वतःच ढकललं.

तो रस्ता त्याला पुढे फार आठवत राहिला. आपण आनंदानं ओरडायला हवं होतं. ओळखलं होतं त्यानं. वारसुद्धा लक्षात होता. पांढरीपांडे खोटा नव्हता, खुर्ची खोटी नव्हती, सगळा हिवाळा उगाच गेला होता. पण पाय ट्रामच्या थांब्याशी येऊन थांबले आणि त्याच्या मनात दुसरंच सुरू झालं. खिडकीच्या टेबलावर ती पाटी का होती? तिथं बसणाऱ्यांचं बोलणं ऐकायची काही सोय होती का? म्हणून त्यानं आपल्याला स्वयंपाकघराच्या दाराशी, आवाजात, बसवलं का? तो माणूस खरंच पोलिसांचा होता, की नुसता एक टकलू गिऱ्हाईक? हानानं रात्रीच्या जेवणाला विचारलं, दुपारी कुठे होतात? तो म्हणाला, ट्राममधून शहर पाहत होतो. तिनं मान डोलावली. तिनं विश्वास ठेवला की नाही, हेही त्याला कळलं नाही. रविवारी तो गेस्ट हाउसच्या खोलीतून बाहेर पडला नाही.

एप्रिलच्या उन्हात तो नागपूरला उतरला. दुसऱ्याच रविवारी पांढरीपांडे घरी आला, बायकोला न घेता, हातात संत्राबर्फीचा डबा. जूनमध्ये तो पुन्हा ब्रनोला निघाला होता, आणखी तिघांना घेऊन. कूलरसमोर ऐसपैस बसून त्यानं विचारलं, "मग? भेटला का तुमचा कुचेरा? मी या तिघांना सांगून ठेवलं आहे, मेश्रामांच्या हॉटेलात जाऊन विचारायचंच. या वेळी सोडत नाही त्याला. चार जणांसमोर खरं-खोटं होऊन जाऊ दे."

प्रेमिला चहा घेऊन दारात आली होती. ताराचंदनं पांढरीपांड्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर वाईट काही नव्हतं. की होतं, कोण जाणे. तो नुसता चेष्टेखोर माणूस होता, सुटीच्या दिवशी बर्फी घेऊन आलेला. आता त्याची मोजदाद करत बसायला ताराचंदपाशी वेळ नव्हता.

"विचारू नका," तो म्हणाला. "ते हॉटेल मी या वेळी पहिल्यांदाच आतून पाहिलं."

"म्हणजे?"

"त्र्याहत्तरमध्ये बाहेरूनच बघत होतो. काचेतून. आत जायची हिंमत नाही झाली. कुचेरा हे नाव दारावरच्या माणसाचं कुणाकडून तरी ऐकलं होतं. बाकी सगळं, खुर्ची-बिर्ची, मी इथं येऊन जुळवलं." तो बोलत राहिला. "त्या माणसाला बिचाऱ्याला काय माहीत असणार? तुम्ही चौघं गेलात तर माझंच हसं होईल. तेवढं करू नका."

पांढरीपांड्यानं मांडीवर थाप मारली. "अहो, मला वाटलंच होतं! म्हटलं, इतकं कोण करते हो कुणासाठी?" तो खूप हसला, मग त्याचं त्यालाच कसंसं वाटलं असावं, कारण त्यानं ताराचंदच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "जाऊ द्या. नाही विचारत. कोणाला सांगतही नाही." तो सांगणार हे ताराचंदला ठाऊक होतं. उद्या कँटीनमध्ये खुर्ची ओढली जाईल ती वेगळ्या हसण्यानं. 'आत जायची हिंमत नाही झाली' हे वाक्य पंपहाउसपर्यंत पोचेल, आणि ते ऐकून कुणीही नवल करणार नाही, याचंच त्याला जास्त लागलं.

पांढरीपांडे गेल्यावर प्रेमिलानं दार लोटलं. तिचा चेहरा लाल झाला होता. "काहून जी असं बोलले? सोताले खाली पाडून घेतलं थ्या मानसासमोर. तुमी आतमंदी बसले होते. मले मालूम नाही का? तुमी मासा कसा खाल्ला थे बी मले मालूम हाय."

त्यानं तिला बसायला सांगितलं. मग सगळं सांगितलं: होस्टेलवरची ती संध्याकाळ, व्हिएन्नाचा भाऊ, सायकल, सगळं, जे दहा वर्षांत सांगितलं नव्हतं. पेपरवाला माणूस सांगितला. आपण ओरडलो ते सांगितलं. रविवारचा शब्द सांगितला. ती कूलरच्या आवाजावरून ऐकायला पुढे सरकून बसली होती.

"म्हंजे त्यानं वळखलं तुमाले," ती म्हणाली.

"वळखलं."

"आन् तुमी साऱ्याइसमोर त्याच्या भावाचं नाव घेतलं."

"नाव नाही घेतलं. भाऊ म्हनलो. पुढचं तोंडातच राह्यलं."

"थ्या पेपरवाल्यानं आयकलं असंल का?"

"मले का मालूम."

पांढरीपांड्यानं अर्धवट ठेवलेला चहा प्रेमिलानं बशीत ओतला, पुन्हा कपात ओतला. मग उठता उठता म्हणाली, "भाऊ तं कोनालेबी असते जी. त्याच्यात का हाय?"

ती आत गेली. ताराचंद कूलरसमोर बसून राहिला. खरंच, भाऊ कोणालाही असतो. कुचेरानं एवढंच म्हणायचं, हा परदेशी वेडसर होता, कुणाच्या तरी भावाबद्दल बोलत होता, भाऊ तर कोणालाही असतो. किती साधं उत्तर होतं. कुणी बोलावून विचारलंच, तर ते कुचेराला वेळेवर सुचेल का, याचा तो विचार करू लागला.